निलंग्याचा पांढरा हत्ती

नागम्मा गेली माघात. पण नेमकं काय गेलं, हे निलंग्याच्या मित्रसंगम सेवा क्लबाला कळलं चैत्रात, नेत्रशिबिराच्या दिवशी.

त्या दिवशी धान्याच्या मोंढ्यात मांडव होता, मांडवाला झालर होती, झालरीखाली खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर क्लबाचे सभासद होते. पेशंट तेवढे नव्हते! लातूरच्या दवाखान्याची बस दारात उभी होती. डॉक्टर उज्वलाताई यंत्र मांडून बसल्या होत्या. दुपार झाली तरी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच माणसं आली. त्यातला एक तर डोळ्यांसाठी आलाच नव्हता. स्टँडवरची मुतारी बंद होती म्हणून तो मांडवामागं गेला आणि परत येताना नरसिंग सरांनी त्याला धरून खुर्चीत बसवला.

नरसिंग सर म्हणजे क्लबाचे सचिव. मूळचे हदगावचे, नोकरीनं निलंग्याचे झालेले. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बॅनर तेच, भोंगा तोच, पोहे तेच! मंग माणसं कुठं जाऊन राहिली?"

शेवटी तपासून झालेला एक म्हातारा टोपी सारखी करत म्हणाला, "औंदा आमच्याकडं बाई आल्याच न्हाईत की."

"कोण बाई?"

"अप्पाच्या मालकीण. दरसाल यायच्या, वसरीत बसायच्या, च्या प्यायच्या आन् म्हणायच्या, म्हातारे हो, उद्या चला. मंग आमी येत व्हतो. तुमचं बॅनर कोण वाचतंय? वाचाया दिसलं असतं तर शिबिराला कामून आलो असतो?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणजे विरूपाक्ष अप्पा. निलंग्यात त्यांचं खिळे, पत्रे आणि पाइपांचं दुकान. अप्पांनी आपल्या चपलांकडे बघितलं. मग त्यांनी मान वर करून बॅनरकडे बघितलं. बॅनरवर क्लबाच्या सगळ्या सभासदांचे फोटो होते, दोन माजी अध्यक्षांचे होते, एका सभासदाच्या मेव्हण्याचाही होता. नागम्माचा नव्हता.

आता हा क्लब काही साधासुधा नव्हता. स्टँडवर त्यांनी बाकडं दिलं होतं. त्यावर देणगीदारांची नावं एवढी ठसठशीत कोरली होती की त्याच्यावर जो बसला त्याच्या पाठीवर निम्मी कार्यकारिणी उमटली! उन्हाळ्यात पाणपोई होती. रक्तदानात तर त्यांनी असा सपाटा लावला होता की सुईच्या भीतीनं काही लोक मोंढ्याकडून जायचं टाळत. पण सगळ्यात मोठं काम म्हणजे हे शिबिर. तालुक्यातली कितीतरी म्हातारी माणसं त्यातून लातूरला गेली होती आणि परत येऊन सुईत दोरा ओवत होती.

बस रिकामी निघाली तेव्हा डॉक्टरताई अप्पांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "अप्पा, मला सांगायला बरं वाटत नाही. दिवाळीनंतर अजून एकदा बस पाठवू. ती पण अशीच परत आली, तर शिबिर औशाच्या क्लबाला द्यायचं ठरलंय."

"औशाला?" अप्पांच्या मागं उभे असलेले नरसिंग सर ओरडले. "त्यांच्याकडं किल्ला हाय की! तेवढा बास न्हाई का?"

अप्पा घरी आले, कुलूप काढलं आणि दिवा न लावता बसून राहिले. दुकान त्यांचं होतं. घर दोघांचं होतं. शिबिर मात्र तिचं होतं. तेही औशाला गेलं, तर तिचं म्हणून या गावात काय राहणार?

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत अप्पा मिशीला पीळ देत उभे राहिले. त्यांची मिशी म्हणजे निलंग्याची शान! दोन्ही बाजूंनी अशी वर गेलेली, जणू नाकानं दोन्ही हात वर करून शरणागती पत्करली आहे.

"ऐका! दिवाळीनंतरच्या शिबिराला मोंढ्यात पाय ठेवाया जागा राहिली, तर अध्यक्षपद सोडीन. मिशी बी काढीन!"

"मिशीनं काय घोडं मारलंय?" कोणीतरी विचारलं.

"पण माणसं कशी आणायची अप्पा?" नरसिंग सर म्हणाले. "सकाळीच दोन-तीन गावं फिरून बगितलं मी. च्या पेलो. लोक म्हणतात, सर, च्या घ्या, पण डोळ्याचं राहू द्या."

मग सूचना आल्या. एकानं ऑर्केस्ट्रा सुचवला. एकानं कुस्त्या. मागच्या रांगेतून लावणीचं नाव निघालं तेव्हा सर कडाडले, "डोळ्याच्या शिबिराला लावणी?"

"मंग! ती बगाया डोळेच लागतात की!"

अप्पांनी टेबलावर थाप मारली. "हत्ती!"

बैठक गार.

"माझ्या सासुरवाडीला, जेवर्गीकडं, मठाच्या जत्रंत हत्ती असतोय. माझा मेव्हणा मृत्युंजय त्या जत्रंच्या कमिटीत हाय. एक फोन केला की हत्ती निलंग्यात! आरं, हत्ती म्हणलं की आंधळं माणूस बी बगाया येतंय!"

हे वाक्य सभेला इतकं पटलं की टाळ्या पडल्या. आपल्याला नेमकी आंधळी माणसंच हवी होती!

एकच अडचण होती. मृत्युंजयला मराठी येत नव्हतं आणि अप्पांना कानडी. इतकी वर्षं दोघांमध्ये नागम्मा होती. मेव्हण्याचा फोन आला की अप्पा "हां मृत्युंजय, बरं हाय ना?" म्हणत आणि फोन तिच्या हातात देत. ती तासभर बोले, मध्येच हसे, आणि फोन ठेवून सांगे, "काही न्हाई, बरे हायत सगळे." चाळीस वर्षं हा कारभार बिनतक्रार चालला.

"अप्पा, कानडी येणारं माणूस बगू का एखादं?" सरांनी विचारलं.

"कशाला? मला येतंय की!" अप्पा म्हणाले. "बेकु म्हणजे पाहिजे. बेडा म्हणजे नको. ओंदु म्हणजे एक. दोड्डदु म्हणजे मोठा. ह्याच्यापेक्षा जास्ती काय बोलायचंय हत्तीबद्दल?"

"आन् हत्तीला काय म्हणतात?"

"हत्तीला हत्तीच म्हणतेत! देवाचं जनावर ते. त्याला दुसरं नाव कोण ठेवतंय!"

सगळ्या क्लबासमोर अप्पांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मृत्युंजय! हत्ती बेकु! आमच्या शिबिराला. डोळ्याच्या शिबिराला हत्ती बेकु!"

पलीकडून लगेच आवाज आला, "हत्ती? कोडतेनी भावा! एष्टु बेकु?"

"बगा!" अप्पांनी फोनवर हात ठेवून विजयी मुद्रेनं सांगितलं. "देतो म्हणतोय! एष्टु म्हणजे किती. कितीक पाहिजेत म्हणतोय! ढिगानं हत्ती दिसतेत त्याच्याकडं!" आणि फोनमध्ये म्हणाले, "ओंदु! ओंदुच! पण दोड्डदु!"

"ओंदु गाडी?"

"हां हां, गाडीत घालूनच पाठव बाबा! चालत नको. पाय दुखतेल त्याचे."

"छलो हत्ती, भावा! बिळी हत्ती!"

अप्पांचे डोळे चमकले. छलो म्हणजे चांगला, बिळी म्हणजे पांढरं! नागम्मा पांढऱ्या ज्वारीला बिळी जोळा म्हणायची. अप्पा खुर्चीवरून अर्धे उठले. "आरं, पांढरा हत्ती हाय म्हणतोय! ऐरावत!"

मग मृत्युंजय हळू आवाजात काहीतरी बोलला. त्यातले दोनच शब्द अप्पांना कळले. एक "रोक्क बेडा", म्हणजे पैसे नकोत. दुसरा "अक्का". मृत्युंजयची अक्का म्हणजे नागम्मा. त्यापुढं तोही बोलला नाही आणि अप्पाही बोलले नाहीत. फोन नुसताच चालू राहिला. शेवटी सरांनी हळूच तो बंद केला.

झालं! दुसऱ्या दिवसापासून रिक्षा फिरली. "निलंग्यात प्रथमच! पांढरा हत्ती! सोबत मोफत नेत्रतपासणी!" सरांनी हत्ती मोठ्या आवाजात म्हटला होता आणि नेत्रतपासणी घाईत. लोकांच्या कानात तेवढा हत्तीच शिरला.

गावोगाव हत्ती पोचला तो वाढतच गेला. दोन गावं ओलांडली आणि तो चार दातांचा झाला. बस बदलली आणि त्याला सोन्याच्या घंटा लागल्या. पुढं अशी आवई उठली की या हत्तीनं सोंडेनं पाणी उडवलं की चष्मा सुटतो! सर घाबरून अप्पांकडे आले. "अप्पा, हत्तीच डोळे बरे करून राहिला तर डॉक्टरला कोण इचारील?"

"येऊ तर द्या माणसं! बाकी मी बगतो."

क्लबाच्या बायकांनी हत्तीला झूल शिवायला घेतली. जांभळं कापड, सोनेरी काठ, मधोमध क्लबाचं नाव. टेलर म्हणाला, "माप द्या." आता हत्तीचं माप कुठून आणायचं? शेवटी त्यानं नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरचं माप घेतलं आणि वर चार बोटं माया सोडली. सरांच्या साडूनं अर्धापूरहून केळीचे घड पाठवले. शेतकऱ्यांनी उसाच्या मोळ्या आणून टाकल्या. मोंढ्यात एवढा ऊस पडला की एका ट्रॅक्टरवाल्याला तो साखर कारखानाच वाटला आणि तो आपली ट्रॉली घेऊन रांगेत उभा राहिला!

शिबिराचा दिवस उजाडला.

काय गर्दी म्हणता! मोंढा भरला, रस्ता भरला, दुकानांच्या पायऱ्या भरल्या. एसट्यांच्या टपावर माणसं बसतील की काय असं वाटलं. मांडवात मात्र डॉक्टर उज्वलाताई यंत्रापुढं एकट्या. त्यांच्याकडे पाठ करून सगळा तालुका रस्त्याकडे तोंड करून उभा!

"अप्पा," ताई म्हणाल्या, "ही माणसं माझ्याकडे कधी बघणार?"

"हत्ती आला की सांगतो त्यास्नी. आधी डोळे दाखवा, मंग हत्ती!"

तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस कागदाची सुरळी घेऊन आला. वनखात्याचा गार्ड. "अध्यक्ष कोण? हत्ती आणायची परवानगी कुठाय?"

"सायेब, तो पाहुणा हाय," अप्पा म्हणाले. "सासुरवाडीचा."

"सासुरवाडीचा असला तरी जनावर हाय. आल्याबरोबर पंचनामा करणार!"

त्याच्या मागोमाग औशाच्या क्लबाचे अध्यक्ष दोन गाड्या भरून माणसं घेऊन आले. मदतीला नव्हे, मजा बघायला. येताना न्हावीही घेऊन आले होते!

"काय विरूपाक्षअप्पा, मिशी वल्ली करून ठिवा. नंतर टाइम जाईल."

अप्पांनी मिशीला पीळ दिला आणि मंचावर चढून रस्त्याकडे नजर लावली. घाम फुटला होता. गर्दी तर जमली, पण हत्ती नाही आला तर हीच गर्दी मंच उचलून नेईल, आणि पुन्हा शिबिराच्या नावानं कोणी फिरकणार नाही.

आणि दूर वळणावर तो दिसला!

मोठा! पांढराशुभ्र! डुलत डुलत येत होता. दोन्ही बाजूंना पोट सुटलेलं, पुढं सोंड लोंबत होती आणि हलत होती. अप्पा मंचावर नाचायलाच लागले. "आला! आला! हत्ती आला! वाजवा रे!"

बँड कडाडला. हलगी घुमली. फटाक्यांची माळ लागली. अप्पा हार घेऊन धावले. बायका ओवाळायला ताटं घेऊन पुढं झाल्या. अध्यक्षच म्हणतायत म्हटल्यावर क्लबाच्या पोरांनी दोन्ही बाजूंनी झूल उचलली आणि एका झटक्यात त्याच्या पाठीवर टाकली. झूल अशी फिट बसली, अशी फिट बसली की टेलरला रडू आलं! अप्पांनी कपाळावर कुंकू लावलं. कपाळ गरम होतं आणि थरथरत होतं.

नरसिंग सर त्यांच्या कानाशी आले. "अप्पा."

"बोला!"

"अप्पा, ह्याला नंबर प्लेट हाय."

झुलीखालून एक डोकं बाहेर आलं. "अरे साब! काच पे से कपडा हटाओ! कुछ बी दिखता नै!"

बँड एकेक वाद्य करत बंद पडला. शेवटी सनईवाला एकटाच वाजवत राहिला, कारण त्यानं डोळे मिटले होते. त्याला कोणीतरी कोपर मारलं.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याचं नाव चाँदपाशा. त्यानं गळ्यातला रुमाल झटकला, गर्दी बघितली, ओवाळणीची ताटं बघितली आणि भारावून म्हणाला, "इत्ता इस्तकबाल? हत्ती के वास्ते?"

"हत्ती कुठाय?" अप्पांनी विचारलं.

"ये क्या साब! हत्ती इच है. मृत्युंजय सेठ भेजे. पूरी गाडी भरके. एक बी सरकी नै मिलती इसमें!"

त्यानं झूल बाजूला करून मागची चादर ओढली आणि पांढराफेक कापूस भसकन बाहेर आला. अप्पांच्या मिशीलाही चिकटला.

"आरं, जनावर कुठाय? जनावर!"

"जनावर?" चाँदपाशा गोंधळला. मग त्याला उमगलं आणि तो टेम्पोला टेकून हसायला लागला. "अय्यो साब! उसकू तो 'आने' बोलते! कन्नड में हाथी कू आने बोलते. हत्ती बोले तो कपास! सेठ बोले, आँखों का कॅम्प है, साफ कपास लगता, सँभालके लेके जा!"

नरसिंग सरांनी चिमूटभर कापूस हातात घेतला, ताणून बघितला आणि खोल आवाजात म्हणाले, "माल चांगला हाय." हदगावचा माणूस कितीही संकटात असला तरी कापसाबद्दल खोटं बोलत नाही.

मग गर्दी फुटली!

"फसवलं! फसवलं!"

"आमचा ऊस परत द्या!"

"काढा त्याची मिशी!"

एक केळ अप्पांच्या खांद्यावर येऊन बसलं. औशाचे अध्यक्ष न्हाव्याला पुढं ढकलत होते. अप्पा कसेबसे मंचावर चढले. त्यांनी माइक धरला. भाषण त्यांना कधी जमलं नव्हतं. ते साधंच बोलले.

"चूक माझी हाय. मला कानडी येत न्हाई. घरात बोलणारी होती, तवर मला वाटायचं, मला बी येतंय."

गर्दीचा आवाज थोडा खाली आला.

"ती असती तर ही चूक झाली नसती. हत्ती लागलाच नसता. ती तुमच्या घरी आली असती आन् तुमी आला असता. मी हत्तीच्या मागं लागलो. आता मिशी काढा, काय करायचं ते करा. पण आलाच हाव, तर डोळे तेवढे दाखवून जावा."

कोणी काही बोलण्याआधी गर्दीतून एक काठी पुढं आली, तिच्यामागून शिवकन्या आक्का आल्या. नागम्माची जुनी मैत्रीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. पण "डोळ्याला सुरी लावू देणार न्हाई" म्हणत त्यांनी नागम्मालाही दाद दिली नव्हती. आल्या त्या हत्तीसाठी.

"आरं गप बसा की मेल्यांनो!" त्या ओरडल्या. "कवाचा कालवा लावलाय. जनावर बुजंल ना! सरका, मला दर्शन घिऊ द्या!"

त्या टेम्पोपुढं उभ्या राहिल्या, काठी काखेत धरली आणि हात जोडले. "काय पांढरा हाय बाई! जल्मात असा बगितला न्हाई!" मग त्यांनी कापसावरून हात फिरवला. "किती मऊ! लहान हाय व्हय अजून?"

डॉक्टर उज्वलाताई मांडवातून बाहेर आल्या. आक्कांच्या शेजारी उभ्या राहून त्यांनी हळूच विचारलं, "आक्का, सोंड कुठाय हो?"

"ही काय!" आक्कांनी लोंबणारा दोर दाखवला.

"आणि कान?"

"त्यो काय!" तो बाजूचा आरसा होता.

"डोळा?"

"बगा की कसा लालबुंद झालाय! परवासानं झोपला नसंल बिचारा." तो लाल कागद लावलेला पुढचा दिवा होता.

पहिल्यांदा हसली ती एक म्हातारी. मग तिची सून. मग सगळा मोंढा असा हसला की एसटी स्टँडवरची माणसं धावत आली! आक्का मात्र चिडल्या. "हसाया काय झालं?"

"आक्का," ताई म्हणाल्या, "हा कापूस आहे. टेम्पोभर कापूस."

आक्कांनी परत हात फिरवला. नाकाशी नेला. तोंड उघडलं, मिटलं. "आग बाई," त्या म्हणाल्या. "एवढं गेलंय व्हय माझं?"

"एवढं गेलंय. पण परत येतं."

"मंग चला," आक्का म्हणाल्या. "कुठं बसायचं ते सांगा."

हे बघून नरसिंग सरांच्या डोक्यात असा काही प्रकाश पडला की त्यांनी अप्पांच्या हातातून माइक ओढला. "ऐका, ऐका! ज्याला हत्ती दिसून राहिला त्यानं डाव्या हाताला, डॉक्टरकडं! ज्याला कापूस दिसून राहिला त्यानं उजव्या हाताला, केळी खायला! एकेकानं टेम्पोसमोर या आन् खरं सांगा!"

आणि मग जे सुरू झालं ते मित्रसंगम सेवा क्लबाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं! म्हाताऱ्यांची रांग लागली. सुना सासऱ्यांना हाताला धरून टेम्पोसमोर उभं करू लागल्या.

"मामंजी, काय दिसतंय?"

"हत्तीच की."

"बगा! आन् सकाळी म्हणत व्हते, मला समदं दिसतंय!"

काही धडधाकट पोरं फुकटात लातूर फिरायला मिळेल म्हणून "हत्ती, हत्ती" करत डाव्या रांगेत घुसली. ताईंनी एकाला विचारलं, "कोणत्या रंगाचा?" तो म्हणाला, "काळा!" सरांनी त्याला कानाला धरून केळ्यांकडे पाठवलं.

वनखात्याचा गार्ड या गोंधळात टेम्पोच्या मागल्या बाजूला पंचनामा करत होता. तो रागानं समोर आला. "अध्यक्ष! जनावराचे दात कुठायत? दात कापले का ह्याचे?"

"डाव्या हाताला, सायेब," अप्पा म्हणाले.

"काय डाव्या हाताला?"

"डॉक्टर."

आणि औशाचे अध्यक्ष! एवढा वेळ ते मांडवाच्या कडेला उभं राहून छद्मी हसत होते. आता त्यांनी तिथूनच आवाज दिला, "बरं न्हाई का काय त्याला? बसलाय कामून? उभा करा की!"

मग त्यांनी आणलेल्या न्हाव्यानंच त्यांचा हात धरला आणि त्यांना अलगद डाव्या रांगेत नेऊन उभं केलं.

बस भरली. लातूरला जाऊन आली आणि परत भरली. तरी माणसं उरली. तेव्हा चाँदपाशा पुढं आला. "फिकर नक्को साब! मैं बी चलता. हत्ती पे इच बिठाते!" कापसावर झूल अंथरली आणि त्यावर म्हाताऱ्या माणसांना मांडी घालून बसवलं. पुढं बँड, मागं अर्धं निलंगा. मधे जांभळ्या झुलीवर शिवकन्या आक्का दोन्ही हातांनी कापूस धरून ओरडत होत्या, "जल्मात पयल्यांदा हत्तीवर बसले रे!" मिरवणूक वेशीपर्यंत गेली. औशाच्या अध्यक्षांना मानानं पुढं बसवलं होतं. एवढ्या माणसांचं शिबिर मराठवाड्यात कोणी केलं असेल तर त्यानं पुढं यावं. अप्पांची मिशी जागच्या जागी आहे!

तो कापूस डोळ्यांच्या कामाचा नव्हता, दवाखान्याचा कापूस वेगळा असतो. पण क्लबाच्या बायकांनी त्याच्या दुलया शिवल्या. ऑपरेशन झालेल्या सगळ्यांना थंडीत एकेक मिळाली. एक औशालाही गेली. दवाखान्यानं कळवलं की शिबिर निलंग्याचंच, आणि आता दरसाल दोन बस. पुढच्या वर्षीच्या बॅनरवर फोटो एकच असेल, असं बैठकीत ठरलं. कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

आठवड्यानं मृत्युंजयचा फोन आला. "भावा, हत्ती हेंगित्तु?"

हेंगित्तु म्हणजे कसं होतं, एवढं अप्पांनी अंदाजानं ओळखलं. "छलो!" ते म्हणाले. "लई छलो!" मग दोघं बराच वेळ आपापल्या भाषेत बोलत राहिले.

शिवकन्या आक्कांना आता रस्त्यापलीकडचं दुकान दिसतं. दुकानातलं माप खोटं आहे हेही दिसतं, त्यामुळं वाणी क्लबावर नाराज आहे. "आता दिसतंय ते दिसतंय," आक्का म्हणतात, "पण त्या दिवशी त्यो हत्तीच व्हता!"

एकच गोष्ट अप्पा कोणाला सांगत नाहीत. शिबिराच्या संध्याकाळी आवराआवर करताना उज्वलाताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

"अप्पा, त्या वळणावर टेम्पो आला, तेव्हा 'आला, आला, हत्ती आला' म्हणून सगळ्यात आधी कोण ओरडलं?"

"ते गर्दीत... उत्साहात..."

"कुंकू कुठं लावलं?"

"कपाळाला."

"बॉनेटला." ताईंनी बॅटरी मारून बघितलं. "दोन्ही डोळे. उजवा तर पार पिकलाय. सोमवारी येता?"

"बगतो," अप्पा म्हणाले.

ऑपरेशननंतर महिनाभर डोळ्यांत थेंब घालावे लागतात. आपले आपल्याला नीट घालता येत नाहीत, घरात कोणीतरी लागतं. ज्यांच्या घरी कोणी नसे, त्यांना थेंब घालायला नागम्मा जायची. पुण्याला राहणारा अप्पांचा मुलगा म्हणतो, इकडे या. अप्पा म्हणतात, दुकान आहे.

विरूपाक्ष अप्पांचं ऑपरेशन अजून राहिलेलं आहे.